टीसीएलची बादली आणि धिंगरीवरचे डाग

लातूरकरांना पाण्याची किंमत कुणी सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी भरून आलेली रेल्वे त्यांनी पाहिली आहे. त्याच लातुरात किंवा शेजारच्या नांदेडात सोयाबीनच्या भुसकटावर धिंगरी अळिंबी घेणाऱ्याला मात्र एका रोगाची धास्ती असते, आणि तो येतो जास्तीच्या ओलीने.

अळिंबीच्या टोपीवर आधी पिवळसर, मग तपकिरी, चिकट डाग पडतात. स्यूडोमोनास टोलासी या जिवाणूचे हे काम. अमेरिकेतल्या मिनेसोटात टोलास यांनी १९१५ मध्ये बटन अळिंबीवरचा हा रोग नोंदवला आणि १९१९ मध्ये पेन यांनी जिवाणूला त्यांचे नाव दिले. (रोग शोधणाऱ्याचेच नाव रोग करणाऱ्याला चिकटावे, हा मान जरा विचित्रच.) मातीत, पाण्यात निमूट राहणारा हा जीव ओल्या टोपीवर वाढला की टोलासिन नावाचे विष सोडतो. अवघ्या १८ अमिनो आम्लांची ही साखळी पेशीच्या पडद्याला भोके पाडते, आतला रस पाझरतो. तपकिरी रंग जिवाणूचा नव्हेच; जखमी अळिंबी स्वतःच तो तयार करते.

उपाय ग्रामपंचायतीच्या कोठीतला: टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. शिंपायच्या पाण्यात क्लोरीन लिटरला सुमारे १५० मिलिग्रॅम ठेवतात. ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन धरला, तर १०० लिटरला ४५ ग्रॅम पावडर लागते. नळाच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला तरी पुरे मानतात. इथे त्याच्या ७५० पट. उघड्या पोत्यातली पावडर मात्र जोर गमावते, तिच्यावर हा हिशेब लावू नये. भुसकट भिजवताना वापरतात ते फॉर्मालिन वेगळे; ते भुसकटाचे बेड भरण्याआधीचे, पिकावर फवारण्याचे नव्हे.

क्लोरीन बादलीतल्या जिवाणूंना पटकन मारतो. माती, भुसा, कोणताही सेंद्रिय कचरा भेटला की मात्र त्यातच खर्ची पडतो, आणि बेडवर तर तेच असते. टोपीच्या सुरकुतीत ओल टिकली तर वाचलेले थोडे जिवाणूही पुरतात. म्हणून जाणते लोक झारी ठेवली की आधी खिडकी उघडतात, पंखा लावतात. दोन-तीन तासांत टोपी कोरडी झाली पाहिजे. पावसाळ्यातल्या दमट दिवसांत ते जमत नसेल, तर त्या दिवशी पाणीच कमी देतात.