आधी जागा, मग जिन्नस

पहाटे भक्तामर ऐकावे, रविवारी सकाळी भीमसेनजींची किंवा किशोरीताईंची जुनी तबकडी लावावी, एवढ्या हेतूने वडिलांनी घेतलेला स्टिरिओ आपल्यातील पुष्कळ कुटुंबांच्या दिवाणखान्यात अजून उभा आहे. पण आता त्याचा आवाज घोगरा वाटतो. आजींना स्तवनाचे शब्द नीट कळत नाहीत. मुले म्हणतात, हे सारे काढून टाका, नवा संच आणू. दुकानात गेल्यावर मात्र किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत चढत जातात. पेढीवर माल घेताना रुपया कुठे गुंतला आणि कुठून परत येणार, याचा हिशेब काटेकोरपणे ठेवणारा गृहस्थ इथे विक्रेत्याच्या शब्दावर विसंबतो. वास्तविक हा हिशेब इथेही मांडता येतो, आणि त्याच्या पहिल्या काही रकान्यांत खर्च शून्य असतो.

आपल्या तत्त्वचिंतनात शब्दाला आकाशाचा गुण मानलेले नाही. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात तो पुद्गलाचा पर्याय म्हणून येतो. ध्वनीची व्यवस्था लावू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ध्वनी भिंतीवर आपटतो, फरशीवरून परततो, गालिच्यात व पडद्यात शोषला जातो. आपण ऐकतो ते निम्मे यंत्राचे आणि निम्मे खोलीचे असते. म्हणून सुधारणेचा आरंभ खोलीपासून करावा.

आपल्या घरांत स्पीकरची जागा बहुधा शोभेने ठरते. एक शोकेसमध्ये काचेआड आणि दुसरा कपाटाच्या माथ्यावर, असे दृश्य सर्रास दिसते. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज दोन्ही भिंतींमुळे फुगतो आणि तबल्याचा डग्गा गायकाच्या शब्दांवर चढून बसतो. दोन्ही स्पीकर समान उंचीवर, मागच्या भिंतीपासून हातभर तरी पुढे ठेवावेत. त्यांतील लहान, तार स्वराचा भाग बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवर यावा. आणि दोन स्पीकर व ऐकणारा मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा. समोर उघडी फरशी असेल तर एक सतरंजी अंथरावी. मग वायरी तपासाव्यात. एका स्पीकरला लाल व काळे टोक उलट जोडले गेले असेल, तर दोघांचा खर्ज परस्परांना खाऊन टाकतो आणि आवाज पोकळ होतो. एकट्या गायकाचे गाणे लावावे. त्याचा कंठ दोन स्पीकरच्या बरोबर मधून आला, तर जोडणी ठीक समजावी. एवढ्याने जो फरक पडतो, तो पुष्कळदा नव्या संचानेही पडत नाही.

आजींचा प्रश्न इथेच पुष्कळ अंशी सुटतो. वाढत्या वयात कानाला प्रथम तार स्वर कमी ऐकू येतात, आणि स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच स्वरांवर अवलंबून असते. अशा वेळी घरातील माणसे आवाज वाढवतात. त्याने खर्जही वाढतो आणि शब्द अधिकच बुडतात. त्यांची खुर्ची स्पीकरच्या जवळ व समोर आणावी, खर्जाचे बटण थोडे उतरवावे. आवाज वाढवण्यालाही मर्यादा आहे : जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास सुरक्षित मानले जातात, ९० डेसिबलला ते अवघ्या ४ तासांवर येतात.

ज्या घरात तबकड्यांचा संग्रह आहे, तिथे पुढचा खर्च निर्विवादपणे सुईचा. हिऱ्याची सुईसुद्धा साधारण ५०० ते १००० तासांत झिजते, आणि झिजलेली सुई तबकडीची खाच कायमची खरवडते. स्पीकर वर्षाने घेतला तरी चालतो; आजोबांनी जमवलेली तबकडी एकदा बिघडली की ती दुरुस्त करणारा कारागीर नाही. सुईवरचा भार ठरल्याप्रमाणे, बहुधा दीड ते दोन ग्रॅम, असावा. भार कमी ठेवला की तबकडी वाचते, हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उसळ्या मारते आणि तिला इजाच करते. (जाता जाता : ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असत, आणि लाख म्हणजे कीटकाचे द्रव्य. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा व्यवसायांत लाक्षावाणिज्य आहे, हे जाणणाऱ्या वाचकाला १९४८ साली आलेल्या लाँगप्ले तबकडीचे व्हिनाइल अधिक निर्दोष वाटावे.)

यानंतर स्पीकर. पैसा खर्चच करायचा असेल तर त्याचा मोठा वाटा इथे जावा. कारण साखळीतील सर्वांत अपुरा दुवा बहुधा हाच असतो. पण विकत घेण्यापूर्वी जुन्याची जाळी काढून पाहावी. कागदी पडद्याभोवतीचे फोमचे कडे वर्षांनुवर्षांत भुसभुशीत होऊन गळते, आणि आवाज फाटतो तो त्यामुळे. पेटी आणि पडदा उत्तम असतील तर केवळ कडे बदलून स्पीकर पूर्ववत होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात दुरुस्तीच्या साहित्याची चौकशी करावी.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत वॉटच्या आकड्याला भुलू नये. शक्ती ५० वॉटवरून १०० वर नेली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटावा यासाठी सुमारे दसपट शक्ती लागते. उलट, त्याच शक्तीवर ३ डेसिबल अधिक आवाज देणारा स्पीकर निवडला तर १०० वॉटचे काम ५० वॉटमध्ये होते. व्यापाऱ्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागू नये! जुना ॲम्प्लिफायर गुणगुणत असेल तर त्यातील कपॅसिटर सुकले असण्याचा संभव असतो; जाणत्या कारागिराकडून ते बदलून घ्यावेत. मोबाइलवरून गाणी ऐकणाऱ्यांनी शक्य तिथे ब्लूटूथऐवजी वायरने जोडणी करावी.

आणि महागड्या केबल? दिवाणखान्याच्या अंतराला घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर पुरेशी आहे. या एका बाबतीत दुकानदाराशी वाद घालण्यातही वेळ दवडू नये.

प्रत्येक पायरीनंतर महिनाभर थांबणे इष्ट. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि नेहमीच्या ओळखीच्या दोन तबकड्यांवर तिची परीक्षा घ्यावी. दोन बदल एकत्र केले तर श्रेय कोणाचे हे कळत नाही. या छंदात मात्र एक मोह आहे. काही काळाने माणूस गाणे ऐकेनासा होतो आणि यंत्र ऐकू लागतो. दर दिवाळीला काहीतरी नवे येते आणि जुने माळ्यावर साचते. श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण आणि भोगोपभोग-परिमाण सांगितले आहे. त्यात वस्तू टाकून देण्याची नव्हे, तर आधीच सीमा आखून घेण्याची अट आहे. तेव्हा पहिली सतरंजी अंथरण्यापूर्वीच एकूण रक्कम वहीत लिहून ठेवावी, नवी वस्तू घरात येईल त्या आठवड्यात जुनी कोणाच्या तरी घरी जावी, आणि तीही चालू स्थितीत, वायरीसकट.