हरळीची वहिवाट

बंगल्यापुढच्या हिरवळीचा एखादा कोपरा मोडून तेथे शेवंतीचा अथवा वांगी-मिरचीचा वाफा करावा असे ज्याच्या मनात येते, तो बहुधा सकाळी कुदळ हाती घेतो आणि सायंकाळी मोकळी झालेली जमीन पाहून काम फत्ते झाले असे समजतो. परंतु मृगाच्या दोन सरी कोसळताच त्याच जमिनीतून पूर्वीपेक्षा दाट हरळी वर येते, आणि आपण तृणाचे निर्मूलन केले नसून त्याची लागवडच केली, हे त्याला कळून चुकते.

कारण हरळीच्या शरीररचनेतच आहे. तिचा एक धागा खुरप्याने हलकेच उचलून पाहिला, तर त्यावर थोड्या थोड्या अंतराने पेरे दिसतात, आणि प्रत्येक पेरापाशी खाली मुळांचा बारीक झुपका व वर हिरवा कोंब असतो. मातीच्या आतही तशीच पांढरट, टोकदार, पेरेदार खोडे वीतभर आणि भुसभुशीत जमिनीत त्याहूनही खोल गेलेली असतात. कुदळीने त्यांचे जितके तुकडे होतील, तितक्या तुकड्यांना नवे रोप म्हणून नांदण्याची सनदच मिळते. म्हणून या जुन्या वहिवाटदाराला बेदखल करण्यात बळापेक्षा मुहूर्ताचे महत्त्व अधिक.

तो मुहूर्त आपल्या शेतकऱ्याला उन्हाळी नांगरटीच्या रूपाने ठाऊक आहेच. चैत्र-वैशाखात पहारीने मोठी ढेकळे उचकटावीत, ती उलटी करून तापू द्यावीत, आणि मग हाताने फोडून सुकलेली खोडे वेचावीत. याहून कडक बंदोबस्त हवा असल्यास जमीन सपाट करून पाणी द्यावे, तीवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवावे आणि त्याच्या कडा मातीत गाडून ४ ते ६ आठवडे तसेच राहू द्यावे. काळे प्लॅस्टिक बहुतांश ऊन स्वतःच शोषून घेते. पारदर्शकातून मात्र ते थेट मातीपर्यंत पोहोचते, आणि ओल असल्यामुळे ती उष्णता खाली उतरते. लव्हाळ्याच्या खोल गेलेल्या गाठी एवढ्यानेही मरतीलच असे नाही. त्या वारंवार खणूनच काढाव्या लागतात.

उन्हाळा हुकला, तर अंधाराचा आश्रय घ्यावा. हरळीला सावली मानवत नाही. म्हणून गवत मुळालगत कापून त्यावर पुठ्ठे एकमेकांवर चढवून अंथरावेत आणि वर शेणखत मिसळलेल्या मातीचा वीतभर थर द्यावा. मात्र जेथे वाळवीचा उपद्रव आहे, तेथे ही तजवीज न केलेली बरी. तणनाशकाचा मोह अनेकांस होतो. परंतु ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढली, यावरून ते प्रकरण घरगुती नव्हे, एवढे ध्यानात घ्यावे.

वाफा सिद्ध झाल्यावर खरी दक्षता हद्दीवर हवी. कडेने विटा उभ्या गाडाव्यात, त्यांवरून आत डोकावणारे धागे आठवड्याला छाटावेत, आणि उपटलेली हरळी पूर्ण वाळल्याखेरीज खतखड्ड्यात टाकू नये. तरीही तिची एक कुंडी अवश्य राखावी. कारण वैशाखात जिला हद्दपार केले, तिच्याच एकवीस दूर्वांची जुडी भाद्रपदात दाम मोजून आणण्याची वेळ पुष्कळ गृहस्थांवर येते.