डिस्ट्रो बदलण्याआधी चिपला विचारा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा मोफत पाठिंबा संपला आणि घरोघरचे चांगले चालते लॅपटॉप एका रात्रीत ‘जुने’ ठरले. त्यातल्या बऱ्याच जणांवर विंडोज ११ बसत नाही. मग घरातून सल्ला येतो, ‘नवीन घेऊन टाक!’ घेऊन टाकायला काय जातं? माझा लॅपटॉप मी भाषांतराच्या पहिल्या पैशांतून घेतलेला. कीबोर्डवरची अक्षरं पुसलीत, पण बोटांना ती पाठ आहेत. भाचा म्हणाला, ‘मावशी, लिनक्स टाक. फुकट आहे.’

टाकलं. देखणं, चटपटीत. फक्त वायफाय नाही. यादी नाही, चिन्हसुद्धा नाही! शुक्रवारी काम पोचवायचं होतं. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘कार्ड गेलं. आणि ताई, तुम्हाला कशाला ते लिनक्स?’ कार्डापेक्षा हे दुसरं वाक्यच जास्त लागलं. काल विंडोजमध्ये चालणारं कार्ड आज नेमकं कसं जाईल? भाच्याचा फोनवर एकच जप : ‘डिस्ट्रो बदल.’ का, ते मात्र त्यालाही सांगता येईना.

मग मीच शोधायला बसले. लिनक्स म्हणजे खरं तर कर्नल. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१मध्ये लिहायला घेतलेला गाभा. त्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी आपापली मांडणी केली, ती उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन ही डिस्ट्रिब्यूशन्स. वरण तेच, फोडणी निराळी. वायफायचे बहुतेक ड्रायव्हर या गाभ्यातच असतात. मग फोडणी बदलून काय होणार?

होतं, कारण नुसत्या ड्रायव्हरने भागत नाही. बऱ्याच वायफाय चिपना सुरू होताना फर्मवेअर नावाचा छोटा प्रोग्रॅम भरवावा लागतो. तो चिप बनवणाऱ्या कंपनीचा. आतला मजकूर त्या बहुधा उघड करत नाहीत. काही चिपचा तर ड्रायव्हरही असाच बंदिस्त असतो. ‘सगळं खुलं हवं’ म्हणणारी मंडळी असल्या गोष्टी आपल्या डिस्ट्रोत घेत नाहीत. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येही असं फर्मवेअर नसे. २०२२मध्ये सभासदांनी मतदान केलं आणि २०२३च्या बाराव्या आवृत्तीपासून ते आलं. मला त्यांचा जुना आग्रह पटतो, खरंच. पण वायफायसाठी लागणारी फाइल इंटरनेटवरून उतरवायची म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप!

यावर साधा उपाय घरातच आहे. फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. केबल डेटा नेणारी हवी, एवढंच. माझं शुक्रवारचं काम याच वाटेने वेळेवर गेलं.

आता मुख्य गोष्ट. टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय’, मग एक जागा सोडून ‘-के’ असं इंग्रजी लहान अक्षरांत लिहायचं. येणाऱ्या भल्यामोठ्या यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधायची. तिथे चिपचं नाव दिसतं, आणि खाली वापरात असलेला ड्रायव्हर. माझ्याकडे चिप दिसत होती, खाली ड्रायव्हरची ओळच नव्हती. कार्ड जिवंत होतं, मैत्रिणींनो!

नाव कळल्यावर डिस्ट्रो निवडणं सोपं झालं. माझी चिप जुनी, तिला कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो. मी लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घेतलं आणि डिस्कला हात न लावता तिथूनच चालवून पाहिलं. त्यातल्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’ने चिप ओळखली, फोनच्या नेटवरून ड्रायव्हर उतरवला. पाच मिनिटांत शेजारपाजारच्या सगळ्या वायफायची नावं पडद्यावर! मगच मिंट कायमचं बसवलं. लॅपटॉप अगदी नवा असेल तर गणित उलटं : जुन्या कर्नलला नवी चिप ठाऊकच नसते, तिथे फेडोरासारखं ताजं कर्नल देणारं डिस्ट्रो आधी पाहावं. ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर बाहेरचा ड्रायव्हर बसवताना पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी निळा पडदा येतो. घाबरू नका. तो पासवर्ड तिथे द्यायचा असतो. पडदा तसाच पुढे ढकलला तर ड्रायव्हर चालत नाही.

परवा शेजारच्या वहिनी त्यांचा लॅपटॉप घेऊन आल्या. मुलाने तीन डिस्ट्रो बदलून पाहिलेत म्हणे. त्यांची चिप वेगळ्याच कंपनीची निघाली. नाव वहीत लिहून घेतलंय, आणि वहिनींना सांगितलंय, उद्या येताना फोनची केबल आणा.