टार्गेट बाकी आहे, मग सुट्टी कशाला?

भोसरी-चाकणच्या, पत्र्याचे भाग काढणाऱ्या एखाद्या लहान प्रेस शॉपमध्ये महिनाअखेरीस सुपरवायझरचं एक वाक्य हमखास कानावर पडतं : "आज चहा मशीनवरच घ्या, माल लावायचाय." त्याचा हिशोब सरळ असतो. मिनिटाला दहा जॉब निघतात, म्हणजे पंधरा मिनिटांच्या सुट्टीत दीडशे जॉब बुडाले. हे गणित ऐकायला बिनतोड वाटतं, पण साफ चुकीचं आहे. शंभर वर्षांपूर्वी ते खोडलं गेलं, तरी आजही नेटानं ऐकवलं जातं, याची चीड येते.

पहिल्या तासात मिनिटाला दहा जॉब काढणारा माणूस नवव्या तासातही मिनिटाला दहाच काढेल, असं या गणितात गृहीत धरलेलं असतं. चूक तिथे आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनला तोफगोळे कमी पडू लागले, तेव्हा दारूगोळा कारखान्यांत आठवड्याला सत्तर-सत्तर तास काम चाललं. रविवारही गेला. तरी माल अपेक्षेइतका वाढेना, म्हणून 1915 मध्ये सरकारने समिती नेमली. तिने जमवलेल्या नोंदींचा स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कव्हेल यांनी 2014 मध्ये नव्याने अभ्यास केला. आठवड्याला सुमारे 49 तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात उत्पादन वाढत होतं. पुढे वाढीचा वेग घसरत गेला. 70 तास राबवून निघालेला माल 56 तासांत निघालेल्या मालापेक्षा फारसा जास्त नव्हता. रविवारची सुट्टी काढून घेतल्याने तर आठवड्याचं उत्पादन घटत होतं. या कामगारांत बहुतेक स्त्रिया होत्या, आणि युद्धकाळात त्या कामचुकारपणा करत होत्या असं कुणी म्हणू धजणार नाही.

असं का होतं, ते प्रेसजवळ उभं राहिलं की दिसतं. डाव्या हाताने पत्रा डायमध्ये सरकवायचा, उजव्याने निघालेला जॉब उचलायचा, पायाने पेडल दाबायचं, आणि हेच तासाला शेकडो वेळा. खांदा सतत ताणलेला राहिला की स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं आणि स्नायूची ताकद उतरते. लक्षाचंही तसंच होतं. हात आणि पाय यांच्यातला मेळ क्षणभर चुकला, तर प्रेस थांबत नाही, बोटं जातात. पॉवर प्रेसवर बोटं गमावणाऱ्या कामगारांची मोठी संख्या 'सेफ इन इंडिया' ही संस्था वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतून वर्षानुवर्षं नोंदवते आहे.

याबाबत शंका असेल त्याने 2003 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेला फिलिप टकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास पाहावा. त्यांनी एका मोटार-जुळणी कारखान्यातील तीन वर्षांचे अपघात तपासले. दोन तासांच्या सलग कामात, सुट्टीनंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाच्या तुलनेत शेवटच्या अर्ध्या तासात अपघाताचा धोका साधारण दुप्पट होता. सुट्टी झाली की तो पुन्हा खाली येई. माणसं तीच, मशीनही तेच, फरक पडत होता तो पंधरा मिनिटांनी.

मग हे नुकसान कुणाच्या लक्षात का येत नाही? थांबलेलं मशीन दुरूनही दिसतं, त्याची मिनिटं रजिस्टरला चढतात. थकव्याने मंदावलेला हात मात्र कुठेच नोंदला जात नाही. वाकडा जॉब रिजेक्शनमध्ये जातो, रिवर्कचा खर्च क्वालिटीच्या माथी बसतो, आणि बोट तुटलं की अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहून मोकळे होतात. सलग दहा तास उभं केलेल्या माणसाला निष्काळजी ठरवणं हा उघड अन्याय आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. 'थकलो तर आपलं आपल्याला कळतं' : नाही कळत, 2003 च्या एका अमेरिकी प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तासच झोपलेल्यांची कामगिरी ढासळत गेली, तरी त्यांना स्वतःला किंचित पेंगच जाणवत होती. 'कडक चहा मारला की झालं' : चहा झोपेची जाणीव काही काळ दाबतो, झोप भरून काढत नाही. 'रात्रपाळीची सवय होते' : बहुतेकांच्या शरीराचं घड्याळ पूर्ण उलटत नाही, कारण सुट्टीच्या दिवशी ते पुन्हा दिवसाकडे वळतं. 'तरण्याताठ्याला काय होतंय?' : जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या 2021 च्या अभ्यासानुसार आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35-40 तासवाल्यांपेक्षा 35 टक्के अधिक असतो.

आणि 'सुट्ट्यांचे लाड हे परदेशी फॅड' म्हणणाऱ्यांनी मुंबईचा इतिहास वाचावा. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. रविवार पदरात पडायला 10 जून 1890 उजाडला. पुढे 1948 च्या कारखाना अधिनियमात सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक झाली.

सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. पाळी एवढी लांबणार असेल, तर सुट्टी किती वाजता, किती मिनिटांची आणि तेवढ्या वेळात मशीनवर रिलीव्हर कोण, हे प्रत्येक लाइनच्या फलकावर कामगाराला वाचता येईल अशा मराठीत आणि हिंदीत लिहिलेलं असायला हवं.