युद्धाला नकार आणि शिक्षेचा स्वीकार

युद्धकाळात राज्यसंस्था नागरिकाकडून करांबरोबरच श्रम आणि प्रसंगी प्राणही मागते. अशा वेळी जो नागरिक सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र घेण्यास नकार देतो, त्याला सदसद्विवेकी युद्धविरोधक म्हणतात. शासनाने त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न विसाव्या शतकातील दोन्ही महायुद्धांत तीव्र झाला.

ब्रिटनने १९१६ साली सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा केला. त्यात अशा नकाराची तरतूद होती. परंतु नकार प्रामाणिक आहे की नाही, हे न्यायाधिकरणे ठरवीत. ज्यांचे म्हणणे फेटाळले गेले, ते सैनिकच आहेत असे मानून आज्ञाभंगासाठी त्यांच्यावर लष्करी खटले चालवले गेले. फ्रान्समध्ये नेलेल्या पस्तीस जणांना मृत्युदंड सुनावण्यात आला आणि लगेच तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीत बदलण्यात आला.

त्यानंतर अनेकांना तुरुंगाऐवजी श्रमशिबिरांत पाठवण्यात आले. स्कॉटलंडमधील डाइस येथे सुमारे अडीचशे जण तंबूंत राहून दगड फोडीत. पावसाने तंबू गळत व जमिनीचा चिखल होई. तेथे वॉल्टर रॉबर्ट्स हा तरुण न्यूमोनियाने मरण पावला. १९१७ पासून डार्टमूरचा तुरुंग श्रमकेंद्र म्हणून वापरला गेला. तेथील कोठड्यांची कुलुपे काढली होती. पण नियम मोडणाऱ्याची रवानगी पुन्हा तुरुंगात होत असे. काहींनी हे कामही नाकारले. आपण केलेल्या कामामुळे दुसरा माणूस युद्धासाठी मोकळा होतो, असे ते म्हणत. त्यांना वारंवार कारावास भोगावा लागला.

भारतात सक्तीची सैन्यभरती नव्हती. मात्र १९३९ साली व्हाइसरॉयने भारतीय प्रतिनिधींना न विचारता देश युद्धात असल्याचे जाहीर केले. आजच्या भिलाईचा परिसर ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, त्याच प्रांतातील वर्ध्याजवळच्या पवनार येथे १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रह आरंभला. युद्धाला माणसांची वा पैशाची मदत करू नये, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. २१ ऑक्टोबरला त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. सुटल्यावर त्यांनी पुन्हा सत्याग्रह केला व पुन्हा कारावास पत्करला. सारेच सत्याग्रही युद्धमात्राचे विरोधक नव्हते. युद्धाविरुद्ध बोलण्याच्या स्वातंत्र्याचा आग्रह मात्र सर्वांचा होता. १९४१ च्या मध्यापर्यंत वीस हजारांहून अधिक जण तुरुंगात गेले.

शिबिरातील शिस्त शिक्षेच्या भयावर उभी होती. सत्याग्रहींनी आपली शिस्त स्वतःच ठरवली होती: अधिकाऱ्यांना आधी कळवायचे, काही लपवायचे नाही आणि शिक्षा टाळायची नाही. शासन माणसाच्या हातांना काम नेमून देऊ शकते. त्याची संमती मात्र आज्ञेने मिळवता येत नाही. नकाराची किंमत स्वतः मोजणाऱ्या या माणसांनी हेच दाखवून दिले.