विमानाने जाताय? मग एवढे ध्यानात ठेवा



आपल्या पंचक्रोशीतील एका वयस्कर सभासदांची ही गोष्ट आहे. सगळा गाव त्यांना 'आप्पासाहेब' म्हणून ओळखतो. त्यांचा मुलगा बेंगळुरूला नोकरीस आहे. त्याला पहिला मुलगा झाला आणि संध्याकाळी बारसे ठरले. आप्पांनी आणि काकूंनी सकाळच्या विमानाने जायचे असे ठरवले. दोघांचाही हा पहिलाच विमान प्रवास. आम्ही दोघे-तिघे त्यांना पोहोचवायला उजळाईवाडीला गेलो होतो.

दारातच गाडी अडली. तिकिटावर नाव होते 'आप्पासाहेब', आणि आधार कार्डावर होते पाळण्यातले नाव. तिकीट शेजारच्या पोराने मोबाईलवर काढले होते. त्याला आप्पांचे दुसरे नाव माहीतच नव्हते! आप्पा म्हणाले, "आवं, म्या हाय की हितं उभा. हे नाव बी माझंच आन् ते बी माझंच." दारावरचा जवान सभ्य होता. तो म्हणाला, "बाबा, दोन्ही नावं तुमची असतील, पण मला दोन्ही कागदांवर एकच दिसायला पाहिजे." कंपनीच्या माणसांनीही हात वर केले. स्पेलिंगमधले एखादे अक्षर चुकले असते तर बघितले असते. पण नावच वेगळे म्हणजे माणूसच वेगळा, असा हिशेब. काकूंचे तिकीट बरोबर होते, पण त्या म्हणाल्या, "मी एकटी न्हाई जायची."

शेवटी दोघे संध्याकाळच्या बसने निघाले. नातवाचे नाव काय ठेवले ते आप्पांनी निपाणीच्या अलीकडे, बसमध्ये, फोनवर ऐकले.

चूक तशी कोणाचीच मोठी नव्हती. माहिती नव्हती, एवढेच. म्हणून या अंकात हा लेख देत आहोत. विमानतळ म्हणजे काही परकी जागा नव्हे. तिथले नियम थोडे आहेत, सोपे आहेत. पण जे आहेत ते आहेत. एस.टी. स्टँडवर कंडक्टरला हात जोडून गाडी थांबवता येते, तसे इथे होत नाही.

विमानतळ आपलाच आहे

कोल्हापूरला विमानतळ नवा आला असे तरुण मंडळींना वाटते. पण छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकाराने तो संस्थानी काळात, १९३९ च्या सुमारास झाला. पुढे विमाने कधी सुरू, कधी बंद, असे बरेच वर्षे चालले. केंद्र सरकारने २०१६ साली लहान शहरांसाठी 'उडान' योजना जाहीर केली आणि एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली हे तिच्यातले पहिले विमान उडाले. त्यानंतर २०१८ सालापासून कोल्हापूरची नियमित सेवाही पुन्हा मार्गी लागली. १० मार्च २०२४ रोजी नव्या इमारतीचे उद्घाटन झाले.

ठिकाण सांगायचे तर कोल्हापूरपासून सुमारे ९ किलोमीटरवर, पुणे-बेंगळुरू महामार्गालगत, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीच्या जवळ. कोणत्या शहराला, कोणत्या दिवशी विमान आहे हे मात्र हंगामाप्रमाणे बदलत असते. तेव्हा "मागच्या वर्षी होतं की" या भरवशावर राहू नये.

तिकीट काढताना

पहिली गोष्ट नावाची. तिकीट कोणीही काढो, त्याच्यासमोर ओळखपत्र ठेवावे आणि अक्षर न् अक्षर त्याप्रमाणे घालावे. बापू, तात्या, अण्णा ही नावे घरात ठेवावीत. माहेरच्या आणि सासरच्या नावाचा घोळ भगिनींच्या बाबतीत फार होतो, तोही आधी पाहून घ्यावा. तिकीट हाती येताच वाचावे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटात स्पेलिंगची चूक राहिली आणि ती २४ तासांच्या आत कळवली, तर दुरुस्तीला पैसे पडत नाहीत. एजंटाकडून काढले असेल तर त्यालाच ताबडतोब गाठावे.

दुसरी गोष्ट मोबाईल नंबरची. पुष्कळ एजंट तिकिटावर आपलाच नंबर घालतात. विमानाची वेळ बदलली तर निरोप त्याला जातो आणि आपण जुन्या वेळेवर जाऊन उभे! नंबर स्वतःचा किंवा घरातल्या जाणत्या मुलाचा घालायला सांगावा.

ओळखपत्र म्हणून आधार, मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी कोणतेही एक मूळ कार्ड चालते. झेरॉक्स चालत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेचे फोटो असलेले पासबुकही यादीत आहे. आपल्या सोसायटीचे पासबुक आणि कारखान्याचा शेअर दाखला मात्र तिथे कामाचा नाही, हे हसत हसत ध्यानात ठेवा. आई-वडिलांबरोबर जाणाऱ्या लहान मुलांना वेगळे ओळखपत्र लागत नाही. पण २ वर्षांच्या आतील बाळ मांडीवर घेऊन जायचे असेल तर वयाचा दाखला म्हणून जन्माचा दाखला जवळ असावा.

सामान : काय न्यावे, काय नको

काट्यावरचे वजन आपणाला नवे नाही. विमानतळावरही काटाच आहे. साधारणपणे काउंटरवर द्यायची बॅग १५ किलो आणि हातातली ७ किलो अशी मर्यादा असते. तिकिटावर छापलेला आकडा वाचावा. त्यावर गेले की किलोमागे पैसे पडतात आणि ते चांगलेच पडतात. बॅग घरीच वजन करून निघावे.

आता आपल्या घरच्या जिन्नसांविषयी, कारण आपली माणसे मोकळ्या हाताने जात नाहीत.

गुळाची ढेप खुशाल न्यावी. काकवी, तूप, तेल, लोणचे आणि कोल्हापुरी तिखट हे हातातल्या पिशवीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात, वरून प्लास्टिक गुंडाळून काउंटरवर द्यायच्या बॅगेत घालावे. तरीही जास्त प्रमाणात न्यायचे असेल तर कंपनीला आधी विचारावे. सुके खोबरे मात्र कोणत्याच बॅगेत नको. त्यात तेल असते आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून मनाई आहे. ओटीचा नारळ जिथे जायचे तिथेच घ्यावा.

पानाच्या चंचीतला अडकित्ता, विळी, चाकू, कात्री ही धारेची वस्तू हातातल्या पिशवीत सापडली तर काढून ठेवतात आणि ती परत मिळत नाही. वडिलांच्या वेळचा अडकित्ता गेला म्हणून हळहळण्यापेक्षा तो मोठ्या बॅगेत घालावा. काडेपेटी आणि लायटर दोन्हीकडे नको. कीटकनाशक, तणनाशक, पेट्रोल, फटाके यांचे तर नावच काढू नये. औषध फवारलेला पंप धुऊन नेतो म्हटले तरी चालत नाही.

मोबाईलची जादा बॅटरी, म्हणजे पॉवर बँक, हातातल्या पिशवीतच ठेवावी. रोजची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, दागिने, पैसे आणि कागदपत्रे हीही आपल्या हातातच. दवाखान्यासाठी जाणाऱ्यांनी रिपोर्टची फाईल कधीही मोठ्या बॅगेत टाकू नये.

विमानतळावर पोहोचल्यावर

विमान सुटण्याच्या २ तास आधी पोहोचावे. सामान घेण्याचा काउंटर साधारण १ तास आधी बंद होतो आणि विमानाकडे सोडणारे दार २५ मिनिटे आधी. विमान समोर उभे दिसत असले तरी दार बंद म्हणजे बंद. तोडणीची पाळी चुकली तर चिटबॉयला गाठून काहीतरी मार्ग निघतो. इथे निघत नाही.

क्रम असा : दारावर तिकीट आणि ओळखपत्र दाखवायचे. आत कंपनीच्या काउंटरवर बॅग द्यायची आणि बोर्डिंग पास घ्यायचा. बॅगेची चिकटपट्टीची पावती जपून ठेवायची. मग सुरक्षा तपासणी. खिशातली नाणी, किल्ल्या, मोबाईल, कमरेचा पट्टा ट्रेमध्ये ठेवायचा आणि चौकटीतून जायचे. महिलांची तपासणी महिला जवान आडोशाला करतात. संकोच करू नये. हृदयाला पेसमेकर बसवला असेल तर चौकटीतून जाण्यापूर्वी जवानाला सांगावे आणि त्याचे कार्ड दाखवावे. ते हाताने तपासणी करतात.

एक गोष्ट कटाक्षाने सांगतो. "पिशवीत काय बॉम्ब आहे काय?" अशी थट्टा तिथे करू नये. आपल्या पारावर हशा पिकतो, तिथे गुन्हा दाखल होतो.

लहान विमानतळांवर बहुधा पंख्याची लहान विमाने येतात. त्यांपैकी एटीआर जातीच्या विमानात प्रवाशांचे दार मागच्या बाजूस असते आणि चार पायऱ्या चढून जावे लागते. आखून दिलेल्या वाटेनेच चालावे, फोटो काढण्यासाठी पंख्याकडे जाऊ नये. ज्यांना चालवत नाही त्यांनी चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, कंपनीकडे नोंदवावी. ऐन वेळी मागितली तर मिळेलच असे नाही.

विमान लांबले किंवा रद्द झाले तर

पावसाळ्यात ढग खाली आले किंवा पहाटे धुके पडले की विमान लांबते, कधी रद्दही होते. अशा वेळी आरडाओरडा करून उपयोग नाही. पण गप्प बसून आपला हक्क सोडायचेही कारण नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम स्पष्ट आहेत.

जवळच्या पल्ल्याचे विमान २ तासांहून जास्त लांबले तर थांबलेल्या प्रवाशांना चहा-नाश्ता कंपनीने द्यायचा असतो. ६ तासांहून अधिक लांबणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांपैकी आपण मागू ते. विमान रद्द झाले तरी हेच दोन पर्याय. वेळेवर न कळवता रद्द केले तर त्याशिवाय भरपाईही आहे : १ तासापर्यंतच्या प्रवासास ५,००० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांतील जी रक्कम कमी असेल ती, १ ते २ तासांच्या प्रवासास हीच मर्यादा ७,५०० रुपये. मात्र हवामानासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असेल तर भरपाई मिळत नाही. पैसे परत किंवा दुसरे विमान हा हक्क तेव्हाही राहतो. दाद लागली नाही तर सरकारच्या 'एअरसेवा' या संकेतस्थळावर तक्रार करता येते.

उतरल्यावर बॅग आली नाही किंवा फुटलेली आली, तर इमारतीतून बाहेर पडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी नोंद करून प्रत घ्यावी. घरी येऊन फोन केला तर "आधी का सांगितलं नाही?" एवढेच ऐकायला मिळते. पावती जपून ठेवा म्हटले ते यासाठीच.

पोहोचवायला आणि आणायला जाणाऱ्यांसाठी

एकाला पोहोचवायला जीपभर माणसे, ही आपली रीत. प्रेम समजते, पण तिकीट नसलेल्याला दाराच्या आत जाता येत नाही. हार, पेढे, पाया पडणे, डोळे पुसणे हे सगळे बाहेरच उरकावे आणि प्रवाशाला वेळेत आत सोडावे. दारासमोर गाडी फक्त माणूस उतरवण्यापुरतीच थांबवावी. नंतर वाहनतळावर लावावी. आणायला जाणाऱ्याने आधी विमान सुटल्याची खात्री करावी, म्हणजे उन्हात ताटकळणे वाचते. म्हाताऱ्या माणसाला पोहोचवल्यावर मात्र लगेच गावाकडे गाडी वळवू नये. ते तपासणी पार करून आत बसल्याचा फोन येईपर्यंत थांबावे. त्या दिवशी आम्ही थांबलो होतो म्हणून आप्पा आणि काकू उघड्यावर पडले नाहीत.

शेत विमानतळाजवळ असेल तर

ज्यांची शेते त्या बाजूला आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. उसावर औषध फवारायला आता ड्रोन येऊ लागले आहेत. विमानतळाच्या आसपास ते मनाला येईल तसे उडवता येत नाहीत. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावर आपला गट कोणत्या रंगात येतो ते पाहून, लागेल तिथे परवानगी घेऊनच फवारणी करावी. ड्रोन भाड्याने देणाऱ्याला हे विचारायची जबाबदारी आपलीही आहे. मेलेली जनावरे, कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकू नये. त्यावर घारी-गिधाडे जमतात आणि एक पक्षी इंजिनात गेला तर विमानातल्या माणसांच्या जिवावर बेतते. पाचट पेटवू नका असे आम्ही जमिनीच्या भल्यासाठी नेहमी सांगतो. इथे धुराचे कारणही आहे.

जाता जाता आप्पांचे पुढे काय झाले तेही सांगतो. नातवाच्या जावळाला दोघे पुन्हा निघाले, विमानानेच. या खेपेस तिकीट काढताना आप्पा स्वतः आधार कार्ड घेऊन पोराच्या शेजारी बसले आणि एकेक अक्षर वाचून घेतले. दारावरच्या जवानाने कार्ड पाहिले, तिकीट पाहिले आणि म्हणाला, "जा बाबा." तासाभरात फोन आला, "आत बसलोय. काकूला खिडकी मिळाली."

हे पान कापून घरातल्या ओळखपत्रांबरोबर ठेवावे, ही विनंती. आज ना उद्या घरातले कोणीतरी निघेलच.

— संपादक मंडळ