अरे, आवाज कुणाचा?

दिवसभर रोलिंग मिलचा खडखडाट आणि रात्री मेटॅलिका! जालना एमआयडीसीतल्या रॉकवेड्यांनी घरासाठी फ्लोअर-स्टँडिंग स्पीकर्स घेताना खिशाइतकंच कानाकडेही बघायला हवं.

पहिला मोठा बोनस हातात आला की कुणी बाइक बदलतं, कुणी गोवा गाठतं. रॉक ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र एकच चित्र असतं. हॉलच्या दोन कोपऱ्यांत कमरेइतके उंच, चकचकीत टॉवर स्पीकर्स आणि समोर सोफ्यावर आपण! आयर्न मेडन २००७ मध्ये आणि मेटॅलिका २०११ मध्ये बेंगळुरूला येऊन गेले, गन्स अँड रोझेस २०२५ मध्ये मुंबईत वाजवून गेले. दर वेळी जालन्याहून रजा टाकून जायला कुणाला जमतंय? त्यापेक्षा कॉन्सर्टच घरी आणायची. फंडा एकदम राइट!

प्रश्न एवढाच की कोणते स्पीकर्स घ्यायचे? दुकानात याचं उत्तर बहुतेक वेळा वॉटमध्ये मिळतं. 'सर, तीनशे वॉट आहेत, घर हलेल!' थांबा बॉस. स्पीकरवर लिहिलेले वॉट म्हणजे तो किती पॉवर पचवू शकतो, एवढंच. तो वाजतो किती, हे वेगळाच आकडा सांगतो.

वॉट सोडा, सेन्सिटिव्हिटी विचारा

एक वॉट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, ती त्याची सेन्सिटिव्हिटी. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट पॉवर द्यावी लागते आणि १० डेसिबलसाठी दहापट. साध्या हॉलमध्ये दहा फुटांवर बसून ड्रमचा ठोका १०२ डेसिबलपर्यंत न्यायचा, तर ८६ डेसिबलच्या जोडीला प्रत्येकी साधारण १०० वॉट लागतील. ९६ डेसिबलची जोडी तेच काम १० वॉटमध्ये करेल.

म्हणूनच रॉकवाल्यांमध्ये हॉर्नवाल्या स्पीकर्सची क्रेझ आहे. पॉल क्लिप्श या अमेरिकन इंजिनीअरने १९४६ मध्ये खोलीच्या कोपऱ्यात बसवायचा 'क्लिप्शहॉर्न' बाजारात आणला. कमी पॉवरमध्ये दणदणीत आवाज, हीच त्याची खासियत. मात्र कंपन्या सांगतात तो आकडा थोडा उदार असतो, हे धरून चाला. आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन नॉब शेवटपर्यंत पिळू नका. अ‍ॅम्प्लिफायरचा दम संपला की आवाज फाटतो आणि आधी ट्वीटर जळतो. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा दमलेला छोटा अ‍ॅम्प्लिफायर जास्त स्पीकर्स मारतो!

तुमची खोली काय म्हणते?

आपल्याकडचा हॉल म्हणजे आरसीसीच्या भिंती, गुळगुळीत टाइल्स, काचेच्या खिडक्या. आवाज सगळीकडे आपटून परत येतो. झांजा कानात टोचतात आणि गाणं काय म्हणतंय ते कळत नाही. त्यात खोली १२ बाय १२ असेल तर आणखी पंचाईत. बारा फुटांच्या अंतरात सुमारे ४७ हर्ट्झचा सूर घुमतो आणि लांबी-रुंदी सारखीच असल्याने दोन्हीकडून घुमतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची असते, म्हणजे नेमकी याच भागातली. मग एक सूर 'धुम्म' करतो आणि बाकीचे गायब! शिवाय पत्र्याचं कपाट आणि किचनमधली भांडी फुकटात साथ देतात, ती वेगळी.

इलाज महाग नाही. जमिनीवर जाड सतरंजी, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, खिडकीला जाड पडदे, कोपऱ्यात गुंडाळलेली कापसाची गादी. स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा. दोन स्पीकर्स आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण जमवा. खोली लहान असेल तर दोन आठ इंची वूफर्सच्या टॉवरपेक्षा साडेसहा इंचीवाला टॉवर जास्त नीट वाजेल. मोठं म्हणजे चांगलं, हे इथे चालत नाही.

एक गोष्ट खास आपल्या गावची. जालन्याची ओळख सळयांची, आणि सळई म्हणजे इंडक्शन भट्ट्या. असा जड लोड जवळ असला की व्होल्टेज खाली-वर होऊ शकतं. लाखाच्या सिस्टिमला हजारांचा स्टॅबिलायझर आणि सर्ज प्रोटेक्टर लावताना हात आखडू नका. घराचं अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. स्पीकरमधून येणारी 'हूं' बऱ्याचदा तिथूनच येते.

कानाचा कोटा

आता मुद्द्याची गोष्ट. कानाला रोजचा एक कोटा असतो. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे.

पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्याचा हा कोटा संध्याकाळपर्यंत जवळपास शिल्लक असतो. शॉप फ्लोअरवर इअरप्लगशिवाय उभ्या असलेल्या इंजिनीअरचा मात्र घरी यायच्या आधीच संपलेला असू शकतो. वर गंमत अशी की गोंगाटातून आल्यावर कान काही तास बोथट असतात, त्यामुळे गाणं बारीक वाटतं आणि हात आपोआप नॉबकडे जातो. गोंगाटाने होणारं नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतं. झांजांची झळाळी आणि गिटारची धार इथेच असते, आणि समोरच्या माणसाच्या बोलण्यातले 'स', 'फ'सुद्धा! कानातल्या त्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. तेव्हा ऐकूच येणार नसेल, तर लाखाची जोडी कुणासाठी?

चांगल्या स्पीकर्सचा एक छुपा धोकाही आहे. त्यांचा आवाज फाटत नाही, त्यामुळे तो मोठा आहे हे कळतच नाही. स्वस्त डबा ९५ ला किंचाळून इशारा तरी देतो. म्हणून मीटर हवाच. आयफोनवर एनआयओएसएचचं आवाज मोजायचं अ‍ॅप मोफत मिळतं. आणि स्पीकर्सच्या आधी चांगले इअरप्लग्ज घ्या. ते शिफ्टमध्ये लावाल, तर रात्रीचा रॉक वाचेल.

शेजारचे काका आणि कायदा

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. औद्योगिक भागात ती ७५ आणि ७० आहे. घरच्या सिस्टिमचा आवाज तुमच्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. बेस तर भिंती सहज ओलांडतो. तेव्हा काकांना आधीच एकदा चहाला बोलवा आणि दहानंतर हेडफोन, असा सरळ हिशेब ठेवा.

डेमोला जाताना

• समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, त्यामुळे मुंबईतले डेमो रूम आता तितके लांब नाहीत. पण शिफ्ट संपवून थेट जाऊ नका. सुट्टीच्या दिवशी, ताज्या कानांनी ऐका.
• गाणी स्वतःची न्या. एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक' (१९८०) आणि मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' (२००८) दोन्ही वाजवा. दुसऱ्याचं रेकॉर्डिंगच इतकं दाबून भरलेलं आहे की त्यावर टीका झाली होती. दोष स्पीकरचा की अल्बमचा, ते लगेच कळेल.
• दोन जोड्यांची तुलना करताना आवाज मीटरवर सारखा करून घ्या. जरा मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच भारी वाटतो.
• हळू आवाजातही ऐकून बघा. रोज रात्री तेच ऐकणार आहात.
• खोलीची मापं सोबत ठेवा आणि घरी डेमो किंवा परत घेण्याची सोय आहे का, ते विचारा.
• बजेटमधला थोडा भाग सतरंजी, पडदे, स्टॅबिलायझर आणि इअरप्लग्जसाठी राखून ठेवा.

एवढं जमलं की मग काय, रविवारची सकाळ, पडदे ओढलेले, मीटरवर ९०. वाजवा की बिनधास्त!